सोमाजीचा पालथा पेला

ब्रह्मपुरीच्या कोर्टात एकतीस वर्षं पुकारा करणारा सोमाजी शेंडे आणि टीव्ही बनवणारी एक बलाढ्य कंपनी यांचा काही संबंध असू शकतो, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण तो संबंध आम्हीच जोडला, आणि जोडणाऱ्यांत मीही होतो. मी इथल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. वासरात लंगडी गाय शहाणी, तसा त्या काळी मी गावात शेअरबाजारातला जाणकार गणला जात असे. माझ्याजवळ स्वतःचे पंचवीस शेअर होते.

आधी सोमाजीबद्दल सांगतो. उंच, सावळा, अंगाने काटक माणूस. खांद्यावरून लाल पट्टा, पट्ट्याला पितळी बिल्ला, आणि आवाज असा की कोर्टाच्या दारातून नाव पुकारलं तर बसस्टँडवर चहा पिणारा पक्षकार पेला टाकून पळत यायचा. पंचावन्न साली तो नोकरीला लागला. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, जाऊन त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा राहिला. कोर्टाच्या व्हरांड्यातलं पाण्याचं मडकं त्याच्या ताब्यात असे. त्याच्या हातचं नको म्हणून दोन-तीन वकील तेव्हा घरून तांब्या आणायचे. पुढे ते वकील गेले, त्यांचे तांबेही गेले, सोमाजीचं मडकं मात्र जागेवर राहिलं.

या मडक्यावरच सोमाजीची विद्या उभी होती. त्याने पाहून ठेवलं होतं की निकाल वाचायच्या आधी साहेब पाणी मागतात तेव्हा शिक्षा होते, आणि वाचून झाल्यावर मागतात तेव्हा माणूस सुटतो. कितीतरी साहेब आले नि बदलून गेले, पण हे चुकलं नाही. मी एकदा त्याला कारण विचारलं होतं. तो म्हणाला, "दुसऱ्याले जेलात धाडाचं म्हंजे मानसाचा गळा सुकतेच जी. साहेब झाला त का झालं."

या विद्येचा त्याने एकच उपयोग केला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका माणसाला सहा महिन्यांची शिक्षा झाली, पोलिसांनी त्याला मागच्या दाराने नेलं, आणि त्याची बायको शिदोरी धरून दिवस मावळेपर्यंत पुढच्या दारात बसून राहिली. ते सोमाजीच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून साहेबांनी निकालाआधी पाणी घेतलं की तो रिकामा पेला बाहेर आणून मडक्यावर पालथा घालायचा. मग व्हरांड्यातल्या बायांना कळायचं, की उठावं, मागच्या दाराकडे जावं, भाकर द्यायची असेल तर देऊन घ्यावी. पेला सुलटा ठेवला तर बसून राहायचं. तोंडाने तो एक शब्द बोलत नसे. त्याबद्दल त्याने कुणाची विडीसुद्धा घेतली नाही. नागभीडपासून वैनगंगेच्या काठापर्यंत खेड्याखेड्यांत ही खूण माहीत होती.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात सोमाजी निवृत्त झाला. पट्टा आणि बिल्ला त्याने सही करून परत केला. आवाज परत घेण्याची सोय सरकारजवळ नसल्यामुळे तो त्याच्याजवळच राहिला.

आता आमच्याबद्दल. त्या दोन-तीन वर्षांत शेअरचं वारं आलं होतं. ज्यांना चांद्यापलीकडचं जग ठाऊक नव्हतं ते मुंबईच्या भावावर बोलायचे. आमची बैठक देवराव पिलारेंच्या कृषी केंद्रात, युरियाच्या थप्पीवर भरे. देवराव दुकानाचे मालक. तिसरे डॉक्टर बगमारे. नागपूरचं वर्तमानपत्र दुपारच्या बसने आलं की आधी भावाचं पान निघे, मग डॉक्टरांचे पेशंट.

आम्हा तिघांचे पैसे एकाच कंपनीत अडकले होते. तिचं नाव व्योमदीप इलेक्ट्रॉनिक्स. टीव्ही बनवायची आणि पुढेमागे कॉम्प्युटर बनवणार होती. कॉम्प्युटर म्हणजे काय हे आम्हाला नक्की माहीत नव्हतं, म्हणून त्यावर आमचा विश्वास जास्त होता. देवरावांजवळ चारशे शेअर होते. घरात टीव्ही होता, बांबूवर अँटेना होता, आणि चित्रात कायम मुंग्या होत्या.

अशात बातमी आली की व्योमदीपवर दिल्लीच्या आयोगापुढे खटला उभा राहिला आहे, मक्तेदारीचा. कंपनीच्या टीव्हीला मागणी फार, म्हणून ती दुकानदारांना सांगायची की टीव्ही पाहिजे असेल तर आमचाच स्टॅबिलायझर आणि आमचंच टेबलही घ्या, नाहीतर टीव्ही मिळणार नाही. लहान कारखानदारांचे स्टॅबिलायझर पडून राहिले आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात नको ते पडलं. निकाल जुलैच्या शेवटी लागायचा होता. कंपनी जिंकली तर भाव दुप्पट आणि हरली तर कागदाची रद्दी, असं नागपूरच्या दलालाने सांगितलं.

मग आमच्या झोपा उडाल्या. डॉक्टरांनी कंपनीच्या वकिलाची पत्रिका मागवता येईल का याची चौकशी केली. मी वर्गात मक्तेदारीचा धडा पूर्वीच शिकवून टाकला होता, तो पुन्हा काढून वाचला आणि मला काही कळलं नाही. देवराव रोज तावातावाने म्हणायचे की टीव्हीसोबत स्टॅबिलायझर दिला तर बिघडलं काय, धंदा असाच असतो. हे म्हणताना त्यांचा हात शेजारच्या खोक्यावर असायचा. त्या खोक्यात पिकाच्या टॉनिकच्या बाटल्या होत्या. देवरावांच्या दुकानात युरियाची गोणी पाहिजे तर ही बाटली घ्यावीच लागे. बाटली नको म्हटलं की युरिया संपलेला असायचा. आम्ही तिघं त्याच थप्पीवर बसून दिल्लीच्या खटल्याचा कीस काढत होतो, आणि ही गोष्ट माझ्या, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाच्या, डोक्यात एकदाही आली नाही. याची मला अजून लाज वाटते.

सोमाजीला दिल्लीला पाठवायची कल्पना देवरावांची. भावासोबतच्या जमिनीच्या भांडणात अकरा वर्षं ते कोर्टात हेलपाटे घालत होते. सोमाजीची विद्या त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. निकाल जाहीर व्हायच्या तीन दिवस आधी शेवटची सुनावणी होती. सोमाजीने तिथे बसावं, साहेबांचा गळा पाहावा आणि तार करावी. साऱ्या देशाला कळायच्या आत ब्रह्मपुरीला कळेल. आम्हाला ही कल्पना इतकी आवडली की तिच्यात काही वेडेपणा असेल असं तिघांपैकी एकालाही वाटलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आम्ही तर तिघं होतो.

आम्ही सोमाजीच्या घरी गेलो. त्याची बायको अंजनाबाई हिने खाटेवर सतरंजी टाकली. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ. देवरावांनी सगळं समजावून सांगितलं आणि वर जाण्यायेण्याचा खर्च, खुराक, शिवाय नफ्यातला वाटा देऊ केला. सोमाजीने शांतपणे ऐकलं आणि नको म्हणाला. ती विद्या बायाबापड्यांसाठी होती, शेअरच्या भावासाठी नाही, असं त्याचं म्हणणं. देवराव आणखी वाटा वाढवू लागले, तसा अंजनाबाईंनी नवऱ्याकडे पाहून एवढंच विचारलं की रुखमाचं काय.

रुखमा म्हणजे सोमाजीची विधवा बहीण. नदीकाठच्या खेड्यात तिची दोन एकर धानाची बांधी होती. धान पिवळं पडायच्या आत युरिया पडला पाहिजे, आणि मागल्या वर्षी तीन गोण्यांऐवजी तिला दोनच मिळाल्या होत्या. बाकीचे पैसे बाटल्यांत गेले. त्या बाटल्या तिने तशाच फडताळात ठेवल्या होत्या, कारण त्यांचं करायचं काय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वर्षाचं खाणं त्या दोन एकरांतून निघायचं आणि मागल्या वर्षी ते माघातच संपलं.

सोमाजी देवरावांकडे वळला. मग म्हणाला, "जातो मी, देवरावभाऊ. वाटा नको मले. पन यंदा तुमच्या दुकानात युरियासंग बाटली नाई. रुखमालेच नाई, कोनालेच नाई. अख्खा हंगाम."

देवरावांनी जागच्या जागी शब्द दिला. माझ्या आणि डॉक्टरांच्या समोर दिला. चारशे शेअरांपुढे बाटल्या म्हणजे काय चीज होती. तारेचे शब्दही तिथेच ठरले. कंपनी हरणार असेल तर 'पेला पालथा', जिंकणार असेल तर 'पेला सुलटा'.

सोमाजी नॅरोगेजच्या छोट्या गाडीने नागभीडवरून नागपूरला आणि तिथून दिल्लीला गेला. पुढचं मला त्याने नंतर सांगितलं. आयोगाच्या दालनात जाऊन तो मागच्या बाकावर बसला आणि समोर पाहतो तर त्याची विद्याच बुडाली. तिथे प्रत्येक साहेबापुढे आधीच पाण्याचा जग, पेला, पेल्यावर जाळीचं झाकण. साहेब मन मानेल तेव्हा पाणी पीत होते. वकीलही पीत होते. कुणाला काही मागावंच लागत नव्हतं. एकतीस वर्षांची कमाई त्या काचेच्या जगाने एका मिनिटात निकालात काढली. त्याला ना कंपनीची काळजी होती ना आमची. तार चुकली तर बाटली परत येईल, हे त्याला दिसत होतं.

दुपारी तो बाहेर व्हरांड्यात आला. तिथल्या पट्टेवाल्याने त्याला पाहताच ओळखलं. ही जात एकमेकांना उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखते. चहा झाला. सोमाजीने त्याला विचारलं की आत चाललंय ते आहे तरी काय. पट्टेवाल्याने हिंदीतून सांगितलं की टीव्हीच्या सोबत नको असलेला माल जबरदस्तीने गळ्यात मारतात, त्याचा हा खटला. सोमाजी चहाचा घोट तोंडात धरून तसाच राहिला. आमच्या गावात युरियासंग बाटली देतात, तोही गुन्हा काय, असं त्याने विचारलं. पट्टेवाला म्हणाला की कायदा टीव्हीला वेगळा नि युरियाला वेगळा कुठे आहे. तक्रार लिहून पाठव म्हणाला.

"एकतीस वर्सं दारात उभा होतो," सोमाजी मला म्हणाला, "पन आतली केस मी कधी ऐकलीच नोहोती जी. नाव पुकारलं, गळा पायला, पेला ठेवला. त्या दिवशी पयल्यांदा आत जाऊन बसलो आन केस ऐकली."

हिंदी बोलली जायची तेवढी त्याला कळली, इंग्रजी नाही कळली. पण त्याने एक पाहिलं. कंपनीचा सुटाबुटातला मॅनेजर दर दहा मिनिटांनी उठून बाहेर येत होता आणि व्हरांड्यातल्या नळाचं पाणी ओंजळीने पीत होता. आत त्याच्या पुढ्यात जग भरलेला होता. संध्याकाळी सोमाजीने तार केली, 'पेला पालथा'.

तार मंगळवारी दुपारी ब्रह्मपुरीला आली, देवरावांच्या नावावर. आम्हाला त्यांनी ती बुधवारी संध्याकाळी दाखवली. मधल्या वेळात देवरावांनी पोस्टात तीन तास बसून नागपूरला ट्रंक कॉल लावला आणि आपले चारशेच्या चारशे शेअर मिळेल त्या भावाला विकून मोकळे झाले. मग तोंड पाडून दुकानात आले आणि म्हणाले, आताच तार आली बघा. आम्ही तिघांनी शपथेवर ठरवलेलं होतं की जे करायचं ते मिळून करायचं. डॉक्टरांनी शपथ मोडायला तारेचीही वाट पाहिली नव्हती, त्यांनी सोमवारीच अर्धे विकले होते. मी गुरुवारी सकाळी विकले, सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी भावाला. यात माझा प्रामाणिकपणा काही नव्हता, मला ट्रंक कॉलच लागला नाही.

गुरुवारी दुपारी निकाल लागला. सोमाजी बरोबर होता. आयोगाने कंपनीला दोषी धरलं आणि टीव्हीसोबत दुसरा माल गळ्यात मारणं बंद करा असा हुकूम दिला. दंड नाही, शिक्षा नाही, फक्त बंद करा. आणि शुक्रवारपासून व्योमदीपचा भाव चढू लागला. दलालाने सांगितलं की लोकांना वाटत होतं कंपनी बुडेल, ती बुडाली नाही. शिवाय नुसता टीव्ही स्वस्त पडेल, म्हणजे खप वाढेल. आठ दिवसांत भाव दीडपट झाला. गुन्हा सिद्ध झाल्याने माणसाची किंमत वाढते हे धड्यात कुठेच नव्हतं.

देवराव भडकले. निकाल अचूक सांगणाऱ्या माणसावर भडकले. भावाचं त्याला सांगता आलं नाही, मग निकाल चाटायचा आहे का, असं चारचौघांत बोलले. ज्या तारेला त्यांनी दीड दिवस खिशात दडवलं ती तार आता खोटी ठरली होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या हेच. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाटल्यांचं खोकं पुन्हा थप्पीजवळ आणून ठेवलं. मी तिथेच होतो. मी भावाचं पान उघडलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रुखमा आली. तिला एक गोणी आणि एक बाटली मिळाली. बांधीतलं धान पिवळं पडायला लागलं होतं आणि तिला आणखी दोन गोण्या पाहिजेच होत्या. ती गोणी बाटलीसकट तिथेच ओट्यावर टाकून भावाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे रांग होती. चाळीसेक माणसं, निम्म्या बाया, ओल्या लुगड्यांनी उभ्या. रुखमा मधोमध होती. मी आणि डॉक्टर सवयीप्रमाणे थप्पीवर बसलो होतो. देवराव आतल्या खोलीत चहा घेत होते. सोमाजी आला, ओट्याच्या पायरीवर चढला, धुतलेला सदरा नीट केला, आणि ज्या आवाजासाठी तो तालुक्यात ओळखला जायचा त्या आवाजात त्याने पुकारा केला.

"देवराव वल्द गोविंदा पिलारे, हाजिर होऽऽ"

रस्त्यावरची सायकल थांबली. रांगेतलं बोलणं बंद पडलं. कोर्टाची रीत इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तीनदा पुकारा होतो, आणि तिसऱ्याला जो आला नाही त्याची केस त्याच्या माघारी चालते. सोमाजीने दुसरा पुकारा केला. कुणी हसलं नाही. तिसरा पुकारा पुरा व्हायच्या आत आतून पेला पडल्याचा आवाज आला आणि देवराव पिलारे टोपी सावरत, दोन्ही हात जोडून धावत बाहेर आले.

"हाजिर आहो जी," ते म्हणाले.

अकरा वर्षांची सवय होती. आपण कुठे उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा चाळीस माणसांसमोर त्यांचे हात जोडलेले होते. हात खाली घ्यावे की नाही हेही त्यांना सुचेना.

सोमाजी चढ्या आवाजात बोलला नाही. खिशातून एक कागद काढला. टीव्हीसंग स्टॅबिलायझर देता येत नाही असा दिल्लीचा हुकूम आहे, मग युरियासंग बाटली कशी देता येते, असं त्याने विचारलं. कागदावर पंचवीस अंगठे आणि सह्या होत्या. दुपारच्या टपालाने तो दिल्लीला जाणार होता. रांगेतल्या निम्म्याहून जास्त माणसांनी आधीच अंगठे दिलेले होते. ती रांग युरियासाठी जेवढी होती तेवढीच याच्यासाठी होती, हे मला तेव्हा कळलं.

देवरावांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रोफेसर, असा कायदा हाये काय युरियाले?"

मला सगळं आठवलं. दिलेला शब्द, माझ्यासमोर दिलेला. दीड दिवस दडवलेली तार. माझे पंचवीस शेअर. आणि नऊ वर्षं शिकवलेला तो धडा, जो युरियाच्या पोत्यावर बसूनही मला कळला नव्हता. माझी मान खाली गेली.

"आहे," मी म्हणालो.

देवरावांनी ओठ ओले केले. मग कोपऱ्यातल्या मडक्याकडे हात करून त्यांनी पाणी मागितलं.

सोमाजी वळला. दुकानातल्या मडक्यातून त्याने पेला भरला आणि देवरावांच्या हातात दिला. देवराव सगळा पेला एका दमात प्याले. सोमाजीने रिकामा पेला परत घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा मडक्यावर पालथा घातला.

रांगेतून एक हलका आवाज गेला, आणि रुखमा पुढे आली. कालची गोणी अजून ओट्यावरच पडली होती. तिने गोणीवरची बाटली उचलून देवरावांच्या पुढ्यात ठेवली आणि आणखी दोन गोण्या मागितल्या.